घोड्यावर फिरून दुष्काळाची रेष आखणारा जॉर्ज गॉयडर

भरवशाचा पाऊस नसेल तर जमिनीला भाव येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. पण सरकारी माणसानेच नकाशावर रेष मारून पलीकडे गहू पेरू नका म्हटलं तर? शिव्याच पडणार. जॉर्ज गॉयडरला त्या पडल्या.

१८२६ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला गॉयडर १८५१ साली ॲडलेडला आला आणि सरकारी नोकरीला लागला. सुरुवातीला तो स्वतःच फसला. १८५७ मध्ये तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे गेला, तेव्हा नेमका पाऊस होऊन गेलेला. गोडं पाणी, हिरवळ! अहवाल आला आणि जमिनीसाठी लोकांची झुंबड उडाली. काही महिन्यांनी त्याचे वरिष्ठ फ्रीलिंग तिथे पोहोचले, तर समोर नुसता चिखल.

१८६१ ला तो सर्व्हेअर जनरल झाला. मेंढ्यांसाठी दिलेल्या सरकारी कुरणांचं मोल ठरवताना त्याने भाडी वाढवली, बडे मेंढीमालक खवळले. त्यातच मोठा दुष्काळ पडला. भाड्यात सवलत द्यायची कोणाला?

मग १८६५ मध्ये गॉयडरने घोड्यावरून सुमारे तीन हजार किलोमीटर पालथे घातले. पावसाच्या नोंदी तुटपुंज्या, म्हणून त्याने झाडंझुडपं वाचली. कोरड्यात तगणारी सॉल्टबुश झुडपं जिथे सुरू होतात, साधारण तिथे रेष. आजच्या हिशेबात वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस.

१८७२ च्या कायद्याने शेतजमिनीची उधारीवरची विक्री या रेषेच्या आतच ठेवली. पण पुढची काही वर्षं पाऊस झकास झाला. नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो, असंही लोक मानायचे. गॉयडरचा विरोध असूनही १८७४ मध्ये सरकारने अट काढली. म्हणजे एकरी किमान एक पौंडाचा दर पलीकडच्या बेभरवशाच्या जमिनीलाही लागू. तिथे वसवलेल्या एका गावाचं नावच फारिना, म्हणजे पीठ!

१८८० च्या दशकात दुष्काळ परतला. पिकं करपली, हप्ते थकले, कुटुंबं घरं सोडून निघाली.

गॉयडर १८९८ मध्ये वारला. फारिनात आज दगडी भिंतींचे अवशेष आहेत, आणि हवामान बदलाने ही रेष दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या गव्हाच्या शेतांकडे, किती सरकेल याचा अभ्यास संशोधक करताहेत.