देवाच्या प्रतिरूपाचें मोल

उपदेशकाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत राजा आपल्या वैभवाची यादी देतो. तींत घरें, द्राक्षमळे व तळीं ह्यांच्याबरोबर विकत घेतलेले दास व दासीही आहेत. आपण तें वाचतों आणि पुढें जातों. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं एक पाळक मात्र तेथें थांबला. तो निसा गांवचा बिशप ग्रेगरी.

हा इ. स. ३३५ च्या सुमारास एका सधन ख्रिस्ती घराण्यांत जन्मला. पंत व कप्पदुकिया ह्या प्रांतांत ह्या घराण्याची वस्ती होती. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभीं हीं नांवें वाचकांस सांपडतील. हा मुलूख हल्लीं तुर्कस्तानांत मोडतो. थोरला भाऊ बसील मोठा विद्वान होता. परंतु ग्रेगरी जिला आपली गुरु म्हणे ती त्याची वडील बहीण मॅक्रिना. तिचा नियोजित वर वारला, तेव्हां तिनें दुसरा पत्करला नाहीं. घरीं दासी पुष्कळ. मॅक्रिनेनें आईचें मन वळविलें, आणि ती थोर घरची बाई आपल्या दासींच्या पंक्तीस बसूं लागली. अन्न तेंच, अंथरूणही तसेंच. पंक्तीचा प्रश्न किती अवघड असतो, हें आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस सांगावयास नको.

३७२ सालीं बसीलानें ग्रेगरीस निसा येथें बिशप नेमिलें. कारभारांत तो कच्चाच होता. विरोधकांनीं मंडळीच्या पैशाविषयीं आळ घेऊन ३७६ च्या सुमारास त्यास पदच्युत करविलें. ३७८ त बादशहा वालेन्स लढाईंत पडल्यावर तो परतला.

पुढें मनुष्याच्या उत्पत्तीवर त्यानें एक ग्रंथ लिहिला. देवाचें प्रतिरूप कोणा एका वर्गास नव्हे, तर पहिल्या मनुष्यापासून शेवटल्यापर्यंत सर्वांस सारखेंच लाभलें आहे, असें त्यांत प्रतिपादन आहे. मग उपदेशकावर प्रवचनें करितांना तो त्या वचनाशीं आला, आणि धन्यांकडे वळून त्यानें हिशेब मागितला. ज्यास देवानें सर्व पृथ्वीवर सत्ता दिली, त्याची किंमत किती नाण्यांची? विकणारा कोण, घेणारा कोण? खरेदीखताच्या कागदानें देवाचें प्रतिरूप कोणाच्या मालकीचें होतें काय? धनी व दास ह्यांचा श्वास, झोंप, दुःख हीं एकच, आणि मेल्यावर मातीही एकच.

तेव्हां दासांवर दया करा असें सांगणारे उपदेशक होते. पण दास बाळगणेंच पाप, असें उघड म्हणणारा दुसरा सांपडणें कठीण. खुद्द बसीलासही कांहींनीं शहाण्यांच्या ताब्यांत राहणें हिताचें वाटे. ग्रेगरीच्या बोलण्यानें एकही बाजार बंद पडला नाहीं. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ त झाला. तोंवर ख्रिस्ती म्हणविणारे लोक माणसें विकीतच होते. ही लाज आपल्याच घरची आहे. ती लपवूं नये.

महारोग्यांविषयींही तो असाच बोलला. लोक त्यांस वेशीबाहेर हांकीत. तो म्हणे, हीं देवाच्या प्रतिरूपाचीं माणसें आहेत, त्यांस हात लावा.

३७९ सालीं मॅक्रिना वारली. ग्रेगरी जवळच होता. तिची हकीकत त्यानेंच लिहिली आहे. प्रेतास नेसविण्यास चांगलें वस्त्र शोधलें, तों अंगावरच्या जुन्या झग्यावांचून तिच्यापाशीं कांहींच निघेना. शेवटीं त्यानें आपलें वस्त्र दिलें. बाहेर बायका आकांत करीत होत्या. दुष्काळांत वाटेवर पडलेल्या ज्यांस तिनें उचलून आणून पोसलें होतें, त्याही त्यांत होत्या. आणि त्या तिला आई म्हणून रडत होत्या.