नाइटिंगेलबाईंची खिडकी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातली, रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरणारी बाई आठवते. नर्सिंगवाल्यांनी जयंती साजरी करायची, इंजिनिअरिंगवाल्यांचा काय संबंध? माझं मत उलटं आहे. ही बाई अर्धी सिव्हिलची, अर्धी मेकॅनिकलची होती आणि आकडेवारीत तर आपल्या एम-थ्रीच्या वर्गावर सहज तास घेईल अशी.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्म, म्हणून नावही तेच. घर इंग्रज, श्रीमंत. मुलीला गणिताची ओढ आणि दवाखान्यात काम करायची जिद्द. घरच्यांना दुसरी गोष्ट मुळीच पसंत नव्हती, कारण त्या काळी हे काम भल्या घरच्या मुलींचं समजलं जात नसे. वर्षानुवर्षं वाद झाले. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीत कैझर्सवर्थला जाऊन त्यांनी शिक्षण घेतलंच.

पुढे क्रिमियाचं युद्ध सुरू झालं. नोव्हेंबर १८५४ मध्ये बाई ३८ नर्सेस घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीला पोचल्या. हॉस्पिटल कसलं, सैन्याची जुनी बराक ती. खाली तुंबलेली गटारं, वर एकमेकांना खेटून गाद्या, हवा कोंडलेली. बाईंनी स्वच्छता, कपडे, जेवण सगळं हाती घेतलं, रात्रंदिवस राबल्या. तरी माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर शंभर जणांमागे ४२ दगावत होते, आणि तेही बहुतेक जखमांनी नव्हे, रोगांनी.

मार्चमध्ये इंग्लंडहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉक्टरांबरोबर रॉबर्ट रॉलिन्सन नावाचा सिव्हिल इंजिनिअर होता (पुस्तकात हा माणूस कधीच नसतो!). त्यांनी गटारं धुऊन काढली, मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना मारला, वॉर्डात हवा खेळेल असं केलं. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. त्याच युद्धात ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरने रेंकिओईसाठी लाकडी प्रीफॅब हॉस्पिटल तयार करून जहाजाने धाडलं. त्यात वॉर्डात ताजी हवा ढकलायला हाताने फिरवायचे पंखे होते. १८५५ साली!

मला बाई मोठ्या वाटतात त्या यानंतर. घरी परतल्यावर त्यांचा जयजयकार चालला होता. त्यांनी मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर मृत्यूंचे आकडे महिन्यावार मांडले. आकडे सांगत होते की सगळ्यात मोठा फरक सेवाशुश्रूषेने नव्हे, तर गटार, गर्दी आणि हवा सुधारल्याने पडला. स्वतःच्या कीर्तीला बाध आणणारा निष्कर्ष कोण छापतो हो? बाईंनी छापला, वर रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवला.

१८५९ मध्ये हॉस्पिटलच्या बांधकामावर त्यांचं पुस्तक आलं. ते म्हणजे चक्क डिझाइन कोड. वॉर्ड अरुंद आणि लांब, समोरासमोर दोन्ही भिंतींना खिडक्या, दर दोन खाटांमागे निदान एक खिडकी, तिचा माथा जवळजवळ छतापर्यंत, आणि खाटेमागे सुमारे १५०० घनफूट जागा. म्हणजे सुमारे ४२.५ घनमीटर. आता जागतिक आरोग्य संघटनेचा २००९ चा नियम घ्या: नैसर्गिक वायुवीजन असेल तर साध्या वॉर्डात पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या खोलीत १६० लिटर बाहेरची हवा. कॅल्क्युलेटर काढा. बाईंच्या वॉर्डात ती हवा तासाला अनुक्रमे पाच आणि साडेतेरा वेळा बदलावी लागेल. समोरासमोर उघड्या खिडक्यांना हे जड नाही.

गंमत अशी की बाईंचं कारण चुकलेलं होतं. रोग घाणेरड्या हवेतूनच उपजतो असं त्या मानत, संसर्गाची कल्पना त्यांना बरीच वर्षं पटली नाही. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखवला. पण हवेत जंतू असोत की दुर्गंध, उपाय एकच निघाला: ती हवा बाहेर घालवा. पेरू देशातल्या लिमा शहरात आठ हॉस्पिटलांची हवा मोजली गेली, तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या खोल्यांत खिडक्या उघडल्यावर हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नव्या बुटक्या खोल्यांत १७ वेळा.

बाई भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांची कागदपत्रं मागवून त्यांनी १८६३ च्या अहवालासाठी जिवापाड काम केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० ला नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

आता प्रश्न आपल्या बुलडाणा जिल्ह्याचा. मे महिन्यात शेगाव-खामगावला खिडकी उघडा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. मग ओपीडीत स्प्लिट एसी बसतो, दारंखिडक्या बंद. हा एसी खोलीतलीच हवा गार करून परत देतो, बदलत नाही. एक खोकणारा क्षयरोगी आला की पुढचे सगळे तीच हवा घेतात. याउलट आपला खिडकीबाहेर टांगलेला कूलर बाहेरची हवा ओढतो, आणि समोर वाट नसेल तर गारवाच देत नाही, हे हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीला ठाऊक आहे. तेव्हा गणित सोपं आहे: कूलर डॉक्टरांच्या पाठीमागे, पेशंट त्यांच्या समोर, पेशंटच्या मागे उघडी खिडकी. टेबल फिरवायला टेंडर लागत नाही. फक्त त्या खिडकीबाहेर नंबर लावून बसलेल्यांचं बाकडं नको.