शेरलॉक होम्सच्या लेखकाने मुंबईच्या पारशाच्या पोराची केस खरोखर लढवली होती

१९०७ साल नुकतंच सुरू होत होतं. लंडनच्या एका हॉटेलात एक सावळा तरुण पेपर वाचत बसला होता. पेपर अगदी डोळ्यांजवळ, तोही तिरका धरलेला. त्याला भेटायला येणाऱ्या माणसाला उशीर झाला होता. पण दारातूनच त्याने हे पाहिलं आणि पोलिसांची अख्खी केस कुठे फसलीये हे त्याच्या लक्षात आलं.

हा माणूस म्हणजे सर आर्थर कॉनन डॉईल. शेरलॉक होम्सचा जन्मदाता.

डॉईलचा जन्म १८५९ चा, एडिनबर्गचा. वडील दारूच्या आहारी गेलेले, घरात पैशांची ओढाताण. तरी पोरगा डॉक्टर झाला. कॉलेजात त्याला जोसेफ बेल नावाचे सर्जन शिकवायला होते. पेशंटने तोंड उघडायच्या आत ते नुसत्या निरीक्षणावरून त्याचा धंदा, गाव ओळखायचे. पुढे डॉईलने होम्स घडवला तो याच बेल यांच्यावरून.

१८८७ साली पहिली होम्स कादंबरी छापून आली. तिच्या सगळ्या हक्कांचे मिळाले फक्त २५ पौंड.

१८९१ मध्ये डॉईलने व्हिएन्नात जाऊन डोळ्यांचा अभ्यास केला आणि लंडनमध्ये दवाखाना थाटला. पेशंट काही फिरकेनात. रिकामा वेळ भरपूर, म्हणून गोष्टी लिहायला घेतल्या. आणि इथेच त्याने रहस्यकथेचं गणित बसवलं.

तेव्हा मासिकांत क्रमशः कथा चालायच्या. एक अंक चुकला की वाचक तुटायचा. डॉईलने हिरो कायम ठेवला, पण गोष्ट त्याच अंकात संपवली. आजच्या वेबसिरीजमध्ये दर एपिसोडला नवी केस असते, तसंच काहीसं.

दुसरी युक्ती होती वॉटसन. होम्सला दिसतं ते सगळं वॉटसनलाही दिसतं, म्हणजे आपल्यालाही. पण अर्थ फक्त होम्सला लागतो. पुरावा लपवायचा नाही, त्याचा अर्थ लपवायचा. त्यासाठी डॉईल आधी उत्तर ठरवायचा आणि मग ते झाकत मागे यायचा.

होम्स इतका गाजला की डॉईलच वैतागला. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. १८९३ मध्ये त्याने होम्सला धबधब्यात ढकलून मारूनच टाकलं. वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये होम्सला जिवंत करावं लागलं.

त्याच वर्षी स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली गावात रात्री कुणीतरी जनावरांची पोटं फाडत होतं. पोलिसांनी धरलं जॉर्ज एडलजीला. त्याचे वडील शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिश्चन होऊन ते या गावात पाद्री झाले होते. आई इंग्रज. जॉर्ज स्वतः वकील, रेल्वे प्रवाशांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारा. पण गोऱ्यांच्या गावात हे कुटुंब आधीपासूनच डोळ्यांत खुपत होतं, धमकीची निनावी पत्रं यायची. जॉर्जला ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. ३ वर्षांनी कारण न सांगता सोडलं, पण गुन्हेगाराचा शिक्का तसाच राहिला आणि वकिलीही गेली.

त्याने डॉईलला साकडं घातलं. डोळ्यांच्या डॉक्टरला एक नजर पुरली. जॉर्जचा नंबर होता ८ च्या घरात आणि धड चष्माही नव्हता. हा माणूस काळोख्या रात्री, पावसात, रेल्वे रूळ ओलांडून, शेतं तुडवत घोड्यावर वार करायला जाईल कसा?

पण डॉईल तेवढ्यावर थांबला नाही. गावात गेला, कागदपत्रं तपासली आणि 'डेली टेलिग्राफ'मध्ये सगळं मांडलं. इंग्लंडभर गदारोळ झाला. मे १९०७ मध्ये जॉर्जला माफी मिळाली. मात्र सरकारने निनावी पत्रांचं खापर त्याच्यावरच फोडलं आणि भरपाई नाकारली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाच्या कोर्टासाठी कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचाही हात होता.

हाच डॉईल पुढे भुताखेतांच्या नादी लागला. दोन मुलींनी कागदी पऱ्यांसोबत काढलेले फोटो त्याने खरे मानले. १९३० मध्ये तो गेला.

५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांत त्याच्या होम्सने कितीतरी केसेस सोडवल्या. जॉर्जच्या केसमध्ये मात्र एका जिवंत माणसाचं नाव पणाला लागलं होतं. जॉर्ज पुन्हा वकिली करू लागला. आणि सप्टेंबर १९०७ मध्ये डॉईलचं दुसरं लग्न झालं, तेव्हा पाहुण्यांत तोही होता.