मादाम क्यूरींची घरगुती शाळा

मादाम क्यूरी म्हटले की सर्वांना रेडियम आठवते. मला मात्र त्यांची मुलांची शाळा आठवते. १९०६ साली पॅरिसमध्ये त्यांचे पती पियेर घोड्यांच्या गाडीखाली सापडून गेले. पदरी दोन मुली, थोरली इरेन आठ वर्षांची, धाकटी ईव्ह तर तान्हीच म्हणायची.

मुलांना दिवसभर वर्गात कोंडणे बाईंना पटेना. मग त्यांनी व त्यांच्या प्राध्यापक स्नेह्यांनी आपापली मुले आपणच शिकवायची ठरवली. रसायन झां पेरँ यांच्याकडे, पदार्थविज्ञान बाईंकडे. साध्या पाण्यात बुडालेले अंडे मीठ विरघळवले की वर येते, हे मुलांनी हाताने करून पाहिले. एकदा त्यांनी विचारले, भांड्यातले ऊन पाणी निवू नये म्हणून काय करावे? कोणी लोकरीत गुंडाळायला सांगितले, कोणी आणखी काही. बाईंनी आधी झाकण ठेवायला सांगितले! आपण दुधावर रोज ताटली ठेवतो. त्यातही शास्त्र आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

दोनेक वर्षांत ही शाळा मोडली. मोठ्यांना वेळ पुरेना.

१९३५ साली इरेनला पतीसह रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते पाहायला बाई नव्हत्या. आदल्या वर्षीच्या जुलैत त्या गेल्या होत्या.