शिपायाचा कर्णधार झाला, तेव्हा... : मेजर ध्यानचंद यांची जीवनगाथा

झाशी, २९ ऑगस्ट : झाशीचे नाव निघाले की मराठी मनापुढे नेवाळकरांची राणी लक्ष्मीबाई आणि तिचा किल्ला उभा राहतो. त्याच शहरातील टेकडीवर हॉकी स्टिक घेतलेल्या एका खेळाडूचा भव्य पुतळा दुरूनही नजरेत भरतो. तो आहे हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचा. त्यांचा जन्मदिवस देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. या दिवशी त्यांच्या गोलांचे आकडे आवर्जून सांगितले जातात. मात्र सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झालेला हा माणूस देशाच्या संघाचा कर्णधार कसा झाला आणि ते पद त्याने कसे निभावले, ही कथाही तितकीच स्मरणीय आहे.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील सामेश्वर सिंह ब्रिटिश भारतीय सैन्यात होते आणि सैन्याच्या संघातून हॉकीही खेळत. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शालेय शिक्षण सहा वर्षांतच थांबले. पुढे हे कुटुंब झाशीत स्थिरावले आणि झाशीच ध्यानचंद यांचे कायमचे गाव ठरले. लहानपणी त्यांना हॉकीपेक्षा कुस्तीचे आकर्षण अधिक होते. वयाच्या सतराव्या वर्षी, १९२२ मध्ये, ते शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले. फर्स्ट ब्राह्मण्स रेजिमेंटमधील सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांना या खेळाचे प्राथमिक धडे दिले. दिवसाची कामे आटोपल्यावर रात्री चांदण्यात सराव करणाऱ्या ध्यान सिंह यांना सहकारी ‘चंद’ म्हणू लागले आणि तेच नाव पुढे जगभर गेले, असे सांगतात.

१९२६ मध्ये भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. २१ सामन्यांपैकी १८ जिंकून, दोन बरोबरीत सोडवून आणि केवळ एक गमावून हा संघ परतला. मायदेशी आल्यावर ध्यानचंद यांना लान्स नाईक पदावर बढती मिळाली. दोन वर्षांनी ॲमस्टरडॅम येथे भारत प्रथमच ऑलिम्पिक हॉकीत उतरला. पाच सामन्यांत संघाने २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. त्यांपैकी १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे होते. अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सचा ३-० असा पराभव झाला. त्या संघाचे कर्णधार ऑक्सफर्डमध्ये शिकलेले बचावपटू जयपाल सिंह होते, जे पुढे संविधान सभेचे सदस्य झाले.

चार वर्षांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी निवड होण्याआधी ध्यानचंद यांना आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी पलटणीने रजाच दिली नाही. तरीही चाचणीशिवाय त्यांची संघात निवड झाली. त्या वेळी कर्णधार होते लालशाह बुखारी. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात भारताने २४-१ असा विजय मिळवला. धाकटे बंधू रूप सिंह यांनी दहा, तर ध्यानचंद यांनी आठ गोल केले. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकूनही ध्यानचंद सैन्याच्या उतरंडीत अगदी खालच्याच पायरीवर होते.

त्यांच्या स्वभावाची खरी ओळख मात्र १९३३ च्या एका क्लब सामन्यातून होते. कोलकात्यातील बेटन चषकाच्या अंतिम फेरीत झाशी हीरोज संघाची गाठ बलाढ्य कलकत्ता कस्टम्सशी पडली. झाशीचा संघ नवख्या तरुणांचा होता. रूप सिंह आणि मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडून खेळणारे इस्माईल यांच्याखेरीज नामवंत असे कोणी नव्हते. सामन्यात कस्टम्सचाच जोर होता. अशा वेळी ध्यानचंद यांनी दिलेल्या लांब पासवर इस्माईल वेगाने धावले आणि त्यांनी सामन्यातील एकमेव गोल केला. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यांत गोलांचा पाऊस पाडणाऱ्या या खेळाडूने आपल्या आत्मचरित्रात आयुष्यातील सर्वोत्तम सामना म्हणून याच लढतीचा निर्देश केला आहे. ज्या सामन्यात निर्णायक गोल दुसऱ्याचा होता, तोच त्यांना सर्वाधिक प्रिय वाटला.

१९३४ च्या अखेरीस न्यूझीलंड दौऱ्यासाठी संघ निवडला गेला. माणावदरच्या नवाबांनी खेळण्यास नकार दिल्यावर कर्णधारपद ध्यानचंद यांच्याकडे आले. त्या काळी कर्णधार निवडताना खेळाइतकाच हुद्दा आणि प्रतिष्ठा यांचाही विचार होई. या पार्श्वभूमीवर एका सामान्य सैनिकाकडे नेतृत्व येणे ही मोठी गोष्ट होती. १९३५ च्या त्या दौऱ्यात भारताने ४८ सामन्यांत ५८४ गोल केले. त्यांपैकी २०१ कर्णधाराचे होते. बर्लिन ऑलिम्पिकच्या संघाचे नेतृत्वही साहजिकच त्यांच्याकडे राहिले.

बर्लिनमध्ये मात्र सुरुवातीलाच धक्का बसला. १७ जुलै १९३६ रोजी सराव सामन्यात जर्मन संघाने भारताला ४-१ असे हरवले. या पराभवाने कर्णधाराची झोप उडाली. आघाडीच्या फळीतील उणीव ओळखून अली दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घेण्याचा निर्णय झाला आणि उपांत्य सामन्यापूर्वी ते येऊन पोहोचले. हंगेरी, अमेरिका, जपान आणि फ्रान्स यांना एकही गोल करू न देता भारताने अंतिम फेरी गाठली. तेथे प्रतिस्पर्धी म्हणून पुन्हा जर्मनीच उभी होती.

पावसामुळे एक दिवस लांबलेला हा सामना १५ ऑगस्ट रोजी झाला. महिनाभरापूर्वीच्या पराभवाचे सावट संघावर होते. मैदानात उतरण्यापूर्वी संघाचे पदाधिकारी पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा ध्वज बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि ते मैदानाकडे निघाले. पूर्वार्धात भारताला एकच गोल करता आला. ओलसर मैदानावर पाय घसरत होते. तेव्हा उत्तरार्धात ध्यानचंद यांनी बूट काढून खेळणे पसंत केले. जर्मन गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत त्यांचा दात तुटला, तरीही उपचार घेऊन ते परतले. भारताने हा सामना ८-१ असा जिंकला. बरोबर ११ वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठे पद देऊ केले आणि त्यांनी ते नाकारले, ही आख्यायिका आजही रंगवून सांगितली जाते. त्यांच्या निष्ठेला अशा कथेचा आधार नसला तरी चालेल. बर्लिननंतरची वीस वर्षे त्यांनी आपल्या सैन्यातच काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना अधिकारीपद मिळाले. युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झाली नाहीत आणि त्यांचा ऐन बहराचा काळ ओसरला. तरीही १९४७-४८ च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यात, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी २२ सामन्यांत ६१ गोल केले. १९५६ मध्ये मेजर म्हणून ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. पुढे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी हॉकी प्रशिक्षक म्हणून काम केले. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे अशोक कुमार हे त्यांचे सुपुत्र.

अखेरचे दिवस मात्र सुखाचे नव्हते. आर्थिक ओढाताण आणि आजारपण यांनी त्यांना ग्रासले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हे सारे सन्मान पाहण्यास ते हयात नव्हते.

त्यांचे पार्थिव झाशीला आणण्यात आले. झाशी हीरोजच्या मैदानावरच लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. जगभरातील मैदाने गाजवणाऱ्या या कर्णधाराला अखेरची जागा मिळाली ती त्याच्या गावच्या, त्याच्या संघाच्या मातीत.