ग्रंथालयातला प्रवासी : ज्यूल व्हर्न

समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या पोटात आणि चंद्राच्या कक्षेत वाचकाला नेऊन आणणारा लेखक म्हणून ज्यूल व्हर्नची ख्याती सर्वदूर आहे. मराठीत ती पोहोचून शंभरावर वर्षे लोटली. मात्र ज्या व्यासंगावर हे सारे साहित्य उभे राहिले, त्या त्याच्या वाचनाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. व्हर्नने स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया, अमेरिका आणि भूमध्य समुद्राकाठचे काही देश पाहिले होते. आफ्रिकेचा अंतर्भाग, दक्षिण ध्रुवाकडचा प्रदेश, ॲमेझॉनचे खोरे आणि आपला हिंदुस्थान हे त्याने पाहिले ते केवळ ग्रंथांच्या पानांवर. वैज्ञानिक, अद्भुतरम्य आणि रहस्यप्रधान कथांचा लेखक म्हणून तो ओळखला जातो. परंतु त्याआधी तो या कथांचा चोखंदळ आणि हट्टी वाचक होता.

८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. लॉआर नदीतल्या फेदो बेटावर त्या वेळी गलबतांच्या डोलकाठ्या घरांच्या खिडक्यांतून दिसत. वडील पिएर व्हर्न वकील होते आणि थोरल्या मुलाने आपली गादी चालवावी अशी त्यांची अपेक्षा होती. धाकटा भाऊ पोल पुढे नौदलात गेला. ज्यूलच्या वाट्याला समुद्र आला तो पुस्तकांतून. फेनिमोर कूपर आणि वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांनी त्याला वेड लावले. निर्जन बेटावरच्या कथांमध्ये त्याला डिफोच्या रॉबिन्सन क्रूसोपेक्षा योहान वीसची स्विस कुटुंबाची कथा अधिक प्रिय होती. डिफोची कृती थोर हे त्याला मान्य होते, परंतु एकट्या माणसाच्या कहाणीपेक्षा आईबाप आणि मुले मिळून संसार उभारतात ती कहाणी त्याच्या मनात घर करून राहिली. हे प्रेम वार्धक्यापर्यंत टिकले. १९०० मध्ये त्याने त्या कुटुंबाची पुढची हकीकत सांगणारी स्वतंत्र कादंबरी प्रसिद्ध केली.

१८४८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला राहिला. शिक्षण पुरे झाले, पण वकिली त्याने पत्करली नाही. थोरल्या आणि धाकट्या द्यूमांच्या परिचयाने नाट्यसृष्टीची दारे किलकिली झाली. १८५० मध्ये त्याची एक प्रहसनवजा नाटिका रंगभूमीवर आली. पुढे काही वर्षे तो एका संगीत रंगभूमीचा चिटणीस होता. वेतन तुटपुंजे होते. राष्ट्रीय ग्रंथालयात मात्र पैसा लागत नसे. भूगोल, खगोल, रसायन, प्रवासवृत्ते असे जे हाती येईल ते तो तेथे वाची आणि टिपून ठेवी. ही टिपणे करण्याची सवय त्याला जन्मभर पुरली; उतारवयात त्याच्या संग्रही अशी वीस हजारांच्या आसपास टिपणे होती.

१८५७ मध्ये ऑनोरीन या दोन मुलींच्या विधवा मातेशी त्याचा विवाह झाला आणि प्रपंचासाठी तो शेअरबाजारात दलाली करू लागला. पहाटे उठून लेखन, दिवसा बाजार, उरलेल्या वेळी ग्रंथालय असा त्याचा क्रम होता. याच सुमारास बोदलेरने केलेल्या फ्रेंच अनुवादांतून एडगर ॲलन पो त्याच्या हाती आला आणि त्याच्या वाचनाला निश्चित वळण मिळाले.

पोविषयीचे मत व्हर्नने १८६४ मध्ये एका दीर्घ लेखात मांडले. केवळ वाचक म्हणून त्याने लिहिलेला हा सर्वांत महत्त्वाचा लेख होय. पोची तर्कशक्ती, गूढ लिपी उलगडण्याचे त्याचे कौशल्य, भयाच्या कडेवर वाचकाला उभे करण्याची त्याची हातोटी यांचे त्याने मनापासून कौतुक केले. परंतु एका ठिकाणी त्याने हात राखला. पोचा एक नायक फुग्यात बसून चंद्रावर जातो. हवाच नाही तेथे फुगा वर जाणार कसा, ही शंका व्हर्नमधल्या वाचकाला स्वस्थ बसू देईना. पदार्थविज्ञानाचे साधे नियम पाळले असते तर ही अशक्य गोष्ट शक्य भासली असती, असा त्याचा आक्षेप होता. पोच्या जगात ईश्वरी योजनेला वाव नाही, याचीही त्याला खंत वाटली.

या आक्षेपातच व्हर्नच्या पुढील साहित्याचे बीज आहे. १८६५ मध्ये त्याने आपल्या चंद्रयात्रींना फुग्याऐवजी तोफेच्या गोळ्यात बसवले आणि त्यासाठी आपला गणितज्ञ आप्त आंरी गार्से याच्याकडून आकडेमोड तपासून घेतली. पृथ्वीचे आकर्षण तोडण्यास लागणारा वेग त्याने बराचसा अचूक धरला. तरीही नऊशे फुटांच्या तोफेतून तो वेग गाठताना आतल्या प्रवाशांवर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट दाब येईल आणि पाण्याची गादी त्यांना वाचवू शकणार नाही, हे त्याने दृष्टीआड केले. पोला लावलेली कसोटी त्याच्या स्वतःच्या कथेलाही पुरती उतरता आली नाही. कसोटी मात्र टिकली आणि नंतरच्या विज्ञानकथेचे वाचक तीच हाती घेऊन वाचू लागले.

रहस्यकथेच्या बाबतीत व्हर्न पोचा सरळ शिष्य होता. गुप्त लिपीच्या आधारे पुरलेले धन शोधण्याची पोची कथा त्याला अतिशय आवडे. पाताळयात्रेचा आरंभ जुन्या हस्तलिखितातील सांकेतिक मजकुराने होतो. १८८१ च्या ॲमेझॉनवरील कादंबरीत एका निरपराध माणसाचा जीव सांकेतिक पत्राचा उलगडा होण्यावर अवलंबून असतो. एका आठवड्यात तीन रविवार आणणारी पोची गमतीदार कथा त्याच्या लक्षात राहिली आणि ऐंशी दिवसांत जगाची फेरी करणाऱ्या फिलिअस फॉगला अखेरच्या क्षणी लाभलेला एक दिवस त्यातून आला. रहस्याची उकल वाचकाच्या डोळ्यांसमोर, कारणपरंपरेने झाली पाहिजे, असा त्याचा दंडक असे. पोची दक्षिण ध्रुवाकडे जाणारी अपुरी कादंबरी त्याच्या मनात तीस वर्षांहून अधिक काळ रुतून बसली होती. १८९७ मध्ये त्याने ती पुरी केली आणि पोने जेथे गूढ धवल आकृती उभी केली होती, तेथे लोहचुंबकाचा पर्वत ठेवला. ही उकल वाचून कित्येकांना समाधान वाटते, तर कित्येकांना गूढ हरपल्याची चुटपुट लागते. अद्भुतरसाच्या वाचकांचे हे दोन पंथ आजही आहेत आणि व्हर्नचा पंथ कोणता याविषयी शंकेला जागा नाही.

त्याच्या लेखनाला आकार देणारा आणखी एक वाचक होता, तो म्हणजे प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल. जानेवारी १८६३ मध्ये आफ्रिकेवरून फुग्याने केलेल्या प्रवासाची कादंबरी त्याने काढली आणि व्हर्नचे नाव झाले. त्यापाठोपाठ व्हर्नने विसाव्या शतकातील पॅरिसचे चित्र रेखाटणारी कादंबरी त्याच्या हाती दिली. तीत १९६० सालचा एक तरुण कवी आहे. यंत्रे आणि पैसा यांत बुडालेल्या त्या नगरीत पुस्तकांच्या प्रचंड दुकानात तो व्हिक्टर ह्युगोची पुस्तके मागतो आणि तेथे कोणाला ते नावही ठाऊक नसते. उपयुक्त ग्रंथांनी भरलेल्या कपाटांमधून कविता हद्दपार झालेली आहे. हेत्झेलला हे अविश्वसनीय आणि निराशाजनक वाटले. त्याने ती परत केली. ते हस्तलिखित १९८९ मध्ये व्हर्नच्या पणतवाला घरच्या तिजोरीत सापडले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञानाचा भाट म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखकाच्या मनात ग्रंथसंस्कृतीविषयी किती धास्ती होती, ते जगाला तेव्हा कळले.

हिंदुस्थानशी असलेला त्याचा संबंध याच वाचनातून आला आणि त्यात वाचनाचे बळ व दुबळेपण दोन्ही दिसतात. फॉगची मंडळी १८७२ मध्ये मुंबईत उतरतात. त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि संकट ओढवून घेतो. रेल्वेमार्ग मध्येच तुटलेला असल्यामुळे हत्ती विकत घ्यावा लागतो. बुंदेलखंडात सती जाण्यापासून सोडवलेली आऊदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची कन्या दाखवली आहे. पारशी समाजाची ओळख असलेल्या येथल्या वाचकाला हा घोटाळा तत्काळ जाणवतो. १८८० च्या वाफेच्या हत्तीवरील कादंबरीचा आरंभ तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होतो. तीत नानासाहेब पेशवे सूडाने पेटलेले खलपुरुष म्हणून येतात. बिठूर, झाशी आणि ग्वाल्हेर यांच्या आठवणी घराघरांत जपणाऱ्या मराठी माणसाला हे चित्र खुपल्याशिवाय राहत नाही. युरोपातील ग्रंथालयांत सत्तावन सालाविषयी जे साहित्य होते ते बहुतेक इंग्रजांच्या लेखणीचे होते, आणि वाचक कितीही व्यासंगी असला तरी कपाटात नसलेला पक्ष त्याला दिसत नाही.

तरीही याच लेखकाने कॅप्टन निमो निर्माण केला. आरंभी निमो पोलंडचा असावा आणि रशियन सत्तेने त्याचे कुटुंब नष्ट केलेले असावे, असे व्हर्नच्या मनात होते. हेत्झेलने त्याला विरोध केला आणि निमोचे कूळ गुलदस्त्यात राहिले. १८७५ मध्ये पुऱ्या झालेल्या बेटावरच्या कादंबरीत मात्र तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचे उघड होते. सत्तावनच्या संग्रामात लढलेला, स्वजनांना मुकलेला आणि परसत्तेपुढे मान न तुकवणारा असा हा पुरुष आहे. त्याच्या पाणबुडीत बारा हजार ग्रंथांचे दालन असावे, हेही व्हर्नला साजेसेच. जगाशी नाते तोडलेल्या माणसालाही त्याने ग्रंथांपासून तोडले नाही.

१८७१ पासून व्हर्न पत्नीच्या माहेरगावी, आमिएँ येथे स्थायिक झाला. पहाटे पाचपासून अकरापर्यंत लेखन आणि भोजनोत्तर तेथील औद्योगिक संस्थेच्या वाचनालयात वृत्तपत्रे व नियतकालिके चाळणे, हा त्याचा नेम झाला. १८८६ चे साल त्याला कठीण गेले. ९ मार्च रोजी गॅस्टन या मनोविकाराने ग्रासलेल्या पुतण्याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. गोळी पायात बसली आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हेत्झेल निवर्तला. सागरप्रवास कायमचा संपला. १८८८ मध्ये तो नगरपालिकेवर निवडून आला आणि पुढे अनेक वर्षे गावची नाट्यगृहे, जत्रा आणि शोभा यांची काळजी वाहत राहिला. डिकन्सच्या कादंबऱ्या तो पुन्हा पुन्हा वाची. विनोद आणि करुणा यांची तशी सांगड आपल्याला साधली नाही, असे त्याला वाटे. फ्रेंच अकादमीने त्याला कधीच जवळ केले नाही. मुलांसाठी लिहिणारा म्हणून साहित्याच्या दरबारात आपली गणना होत नाही, हे शल्य त्याने उतारवयात भेटीस आलेल्यांपाशी बोलून दाखवले.

अखेरच्या वर्षांत एच. जी. वेल्सचा उदय झाला आणि दोघांची तुलना होऊ लागली. व्हर्नला ती रुचली नाही. वेल्सची कल्पनाशक्ती त्याने मोकळेपणाने वाखाणली. परंतु गुरुत्वाकर्षण रोखणारा धातू योजून चंद्रावर जाणे त्याला मानवेना. आपण उपलब्ध शास्त्रावर उभे राहतो आणि वेल्स नवे शास्त्रच रचतो, असा त्याचा भेद होता. गंमत अशी, की वेल्सचा अदृश्य माणूस अवतरल्यानंतर व्हर्ननेही अदृश्य माणसावर कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९१० मध्ये, पुत्र मिशेलने फेरफार करून प्रसिद्ध केली. तीतल्या द्रव्याचे रहस्य अखेरपर्यंत उलगडत नाही. ज्या वाटेला त्याने नाक मुरडले, त्या वाटेचा मोह त्यालाही आवरला नाही.

मधुमेहाने आणि दृष्टिमांद्याने तो थकत गेला. अक्षरे अंधुक झाली तरी वाचन सुटले नाही. २४ मार्च १९०५ रोजी आमिएँ येथे त्याचे देहावसान झाले. त्याच सुमारास, कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीहून सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकातून त्याची चंद्रयात्रा 'चंद्रलोकची सफर' या नावाने मराठीत क्रमशः अवतरली होती. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या एका मराठी मासिकाने ही सेवा करावी, ही बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना अभिमानाची गोष्ट आहे. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या रसाळ मराठीत आणल्या आणि कुमारवयीन वाचकांच्या पिढ्या त्यावर पोसल्या.

विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि रहस्यकथा ही पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात सर्वांत लवकर जीर्ण होतात. त्यांची बांधणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यांना करमणुकीचे साहित्य म्हणून दुय्यम लेखण्याची प्रथा जुनी आहे. व्हर्नने ती गंभीरपणे वाचली, त्यांच्याशी वाद घातला, अपुऱ्या राहिलेल्या पुऱ्या केल्या आणि आपल्या वाचनातून नवी निर्मिती केली. त्याच्या विसाव्या शतकातील त्या कवीला जे दुकानात मिळाले नाही, ते वाचकाला मिळत राहावे, यासाठीच गावोगावची ग्रंथालये शंभर-शंभर वर्षे आपली दारे उघडी ठेवून आहेत.