वाटलेली रोपे जगली

उंच पर्वतावर वाढणारे रोप सपाटीवरच्या बागेत आणून लावले, तर ते बहुधा मरते. थंडीपेक्षा ओल त्याचा जीव घेते. आल्प्समध्ये वृक्षरेषेच्या वर ही रोपे वर्षाचे कित्येक महिने बर्फाखाली असतात. जाड बर्फाचा थर गोधडीसारखा काम करतो. वर हाडे गोठवणारा वारा असला, तरी खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. पाणी गोठलेले असल्यामुळे रोपाच्या बुंध्याशी ओल राहत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात मात्र रिमझिम पाऊस पडतो, जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते. अशा चिखलात डोंगरावरचे काटक रोप आठ-पंधरा दिवसांत कुजते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या हौशी मंडळींनी हे कोडे सोडवून आल्प्सची फुले सपाटीवर फुलवली, त्यांत एलन विल्मॉट यांचे नाव अग्रभागी आहे.

विल्मॉटबाईंचा जन्म १९ ऑगस्ट १८५८ रोजी लंडनच्या पश्चिमेला हेस्टन येथे झाला. वडील वकील होते आणि घरची स्थिती उत्तम होती. १८७५ मध्ये त्यांनी एसेक्स परगण्यात ‘वॉर्ली प्लेस’ ही मालमत्ता विकत घेतली. आईला बागेची ओढ होती, ती एलन आणि रोज या दोन्ही मुलींत उतरली. एलन यांच्या वाट्याला आणखी एक असामान्य भाग्य आले. हेलन टास्कर या त्यांच्या धर्ममाता अतिशय श्रीमंत होत्या. लहानग्या एलनच्या वाढदिवशी सकाळी टेबलावर त्यांचा एक हजार पाउंडांचा धनादेश असे. त्या काळात एखाद्या माळ्याला आयुष्यभर राबूनही एवढी रक्कम एकगठ्ठा पाहायला मिळाली नसती. १८८८ मध्ये टास्कर वारल्या, तेव्हा सुमारे एक लाख चाळीस हजार पाउंडांचा वारसा मागे आला. पैसा कुठून येतो आणि कधी संपतो, हा प्रश्न एलन यांना तरुणपणी पडलाच नाही. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ इथे आहे.

एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यावर त्यांनी वडिलांकडे वॉर्लीच्या आवारात अल्पाइन बाग करण्याची परवानगी मागितली. काम यॉर्कच्या बॅकहाउस या नामांकित पेढीला दिले गेले. जमीन खोदून एक अरुंद घळ तयार करण्यात आली, तिच्या दोन्ही अंगांना प्रचंड खडक रचले गेले आणि मधून पाण्याचा ओहळ सोडला गेला. नाजूक नेच्यांसाठी काचेचे छत असलेली गुहाही केली. पाहणाऱ्याला हे सगळे श्रीमंती थाटाचे वाटे. पण चांगल्या रॉक गार्डनचे खरे काम दगडांच्या मागे, दिसत नाही तिथे चालते.

अल्पाइन रोपाला पाणी लागते, पण ते वाहते हवे. म्हणून खाली दगडगोटे, त्यावर खडी आणि त्यावर वाळू, बजरी व थोडी माती अशी रचना करतात. पाऊस पडला की पाणी झरझर खाली उतरते. मुळे खडकाच्या फटीतून खोलवर जातात, कारण तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो. बुंध्याभोवती मात्र कोरड्या खडीची गळपट्टी राहते. माती मुद्दाम हलकी ठेवावी लागते. भरपूर खत घातले तर रोप भराभर वाढते, पण त्याच्या पेशी मऊ, पाणीदार होतात आणि पहिल्याच दमट हिवाळ्यात बुरशी त्यांचा ताबा घेते. लाड करून वाढवलेले अल्पाइन रोप टिकत नाही.

या रोपांची ठेवणही पाहण्यासारखी असते. अनेक जाती उशीसारख्या घट्ट, गोलसर वाढतात. पाने एकमेकांना इतकी चिकटून असतात की वारा आत शिरत नाही, आणि उन्हाची ऊब त्या उशीत साठून राहते. काहींच्या पानांवर पांढरी लव असते, ती तीव्र उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून संरक्षण देते. डोंगरावर उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. तेवढ्यात फुलणे, कीटकांना बोलावणे आणि बी धरणे उरकायचे असते. म्हणून रोप बोटभर आणि फुले मात्र त्या मानाने मोठी, झगझगीत. बियांमध्येही शहाणपण असते. शरद ऋतूत पडलेले बी लगेच रुजले तर कोवळा अंकुर थंडीत मरेल. त्यामुळे कित्येक जातींचे बी काही आठवडे ओल्या गारठ्यात राहिल्याशिवाय जागेच होत नाही. पेरलेल्या कुंड्या हिवाळाभर उघड्यावर ठेवून वाट पाहणे, एवढेच माळ्याच्या हातात असते. विल्मॉटबाई या कामात वाकबगार झाल्या. दुसऱ्यांना न रुजणारे बी त्यांच्याकडे रुजते, अशी त्यांची ख्याती होती.

आल्प्सशी त्यांचा थेट संबंध जुळायला एक दुखणे कारणीभूत झाले. त्यांना संधिवाताचा त्रास होता. त्या काळी संधिवात या एका शब्दात सांध्यांची झीज, सांध्यांचा दाह, गाउट असे बरेच काही कोंबलेले असे. औषधे थोडी होती, त्यामुळे ज्यांना परवडे ते गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जात. फ्रान्समधील एक्स-ले-बँ हे गंधकयुक्त गरम झऱ्यांचे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते आणि विल्मॉट कुटुंबही तिथे उपचारांना गेले. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, वेदना काही काळ कमी होते, हे आजही मान्य आहे. मूळ आजार मात्र त्याने थांबत नाही. विल्मॉटबाईंचेही दुखणे गेले नाही. पण तो परिसर त्यांना इतका भावला, की १८९० मध्ये त्यांनी जवळच्या ट्रेसर्व्ह येथे एक वाडाच विकत घेतला आणि तिथे दुसरी बाग उभी केली.

याच काळात जिनिव्हाच्या आंरी कोरवों यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पर्यटक आणि व्यापारी आल्प्समधली रोपे मुळासकट उपटून नेत होते. हे थांबावे म्हणून कोरवों यांनी १८८३ मध्ये वनस्पतिरक्षणासाठी संस्था काढली आणि बियांपासून अल्पाइन रोपे तयार करून विकायला सुरुवात केली. रोप विकत मिळाले तर डोंगर लुटायची गरज उरणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांच्याकडे तयार झालेला जेकब माउरर हा तरुण स्विस माळी १८९४ मध्ये वॉर्लीला आला आणि अल्पाइन बाग त्याच्या ताब्यात दिली गेली. तिची कीर्ती जितकी विल्मॉटबाईंची, तितकीच त्याच्या हातांचीही होती.

पुढची वीस वर्षे वैभवाची होती. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, त्यानिमित्त रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने साठ जणांना खास मानपदक दिले. त्यात स्त्रिया दोनच होत्या : गर्ट्रूड जीकल आणि एलन विल्मॉट. लिनियन सोसायटीने १९०४-०५ मध्ये पहिल्यांदा स्त्रियांसाठी दार उघडले, तेव्हा आत गेलेल्या पहिल्या तुकडीतही त्या होत्या. विस्ली येथील सुप्रसिद्ध बाग सोसायटीला देणगी म्हणून मिळाली, तेव्हा विश्वस्तांमध्ये त्यांचे नाव होते. वॉर्लीत शंभरावर माळी राबत आणि एक लाखाहून अधिक प्रकारची झाडे असल्याचे सांगितले जाई. त्या उत्तम फोटो काढत, व्हायोलिन वाजवत आणि लेथवर नाजूक कातकाम करत. गुलाबांच्या जातींवर त्यांनी लिहिलेला ‘द जीनस रोझा’ हा सचित्र ग्रंथ १९१० ते १९१४ या काळात भागाभागाने निघाला.

मात्र त्यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग याहून साधा होता. वॉर्लीत धरलेल्या बियांची यादी त्या दरवर्षी छापत आणि वनस्पतिउद्यानांना व जाणकारांना बी पाठवत. चीनमध्ये नव्या वनस्पती शोधणाऱ्या अर्नेस्ट विल्सन यांच्या मोहिमेला त्यांनी पैसे दिले आणि तिथून आलेले बी स्वतः रुजवले. १९०८ मध्ये पश्चिम चीनमधून आलेल्या एका निळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांपासून वॉर्लीत दोन रोपे हाती लागली. आपल्याकडच्या चित्रकाच्या कुळातले हे झुडूप आज ‘सेरॅटोस्टिग्मा विल्मॉटियानम’ या नावाने ओळखले जाते. बागांमध्ये ते पसरले, ते प्रथम त्या दोन रोपांपासून.

माणसांच्या बाबतीत त्या एवढ्या उदार नव्हत्या. माळी म्हणून त्या फक्त पुरुषांना घेत, स्त्रियांना या कामात स्थान देत नसत. शिस्त अतिशय कडक होती आणि चुकीला क्षमा क्वचितच होती. ज्या माउररने अल्पाइन बाग सांभाळली, तो फाटकाजवळच्या छोट्याशा घरात मोठ्या कुटुंबासह तुटपुंज्या पगारात राहत होता. रोपाला किती हवा, किती जागा, किती कोरडेपणा लागतो याचा ज्या घरात एवढा विचार होई, तिथे माळ्याच्या मुलांसाठी तो झाला नाही. त्या काळच्या अनेक श्रीमंत घरांत हेच चाले. तरी विल्मॉटबाईंचे मोठेपण सांगताना ही बाजू गाळता येत नाही.

मग उतरण लागली. ट्रेसर्व्हला खर्च होत होता, त्यात इटलीच्या किनाऱ्यावर व्हेंटिमिलियाजवळ ‘बोकानेग्रा’ ही तिसरी बाग घेतली गेली. १९०७ मध्ये ट्रेसर्व्हच्या वाड्याला आग लागली आणि तो पुन्हा उभारण्यासाठी कर्ज काढावे लागले. गुलाबांच्या ग्रंथाची विक्रीही निराशाजनक झाली. महायुद्ध सुरू झाल्यावर माळी कमी झाले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत परदेशातल्या दोन्ही बागा विकून झाल्या होत्या. १९२२ मध्ये जिवाभावाची बहीण रोज गेली. वॉर्लीतल्या वस्तू एकेक करून बाहेर पडू लागल्या. १९२८ मध्ये लंडनच्या एका दुकानात चोरीचा आरोप होऊन या सत्तरीच्या बाईंना कोर्टात उभे राहावे लागले. त्या निर्दोष सुटल्या, पण मनाला लागायचे ते लागलेच. त्या विक्षिप्त आणि संशयी झाल्याच्या कथा याच काळातल्या आहेत. एकटेपणा, सततचे दुखणे आणि कर्जाची टांगती तलवार हे तिन्ही एकत्र आले की वृद्धांच्या स्वभावात काय बदल होतात, हे ठाऊक असणाऱ्याला त्या कथांवर हसू येणार नाही. तरीही बागकामाच्या समित्यांसाठी लंडनला जाणे त्यांनी सोडले नाही.

२७ सप्टेंबर १९३४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, वॉर्लीतच त्यांचे निधन झाले. कारण हृदयाच्या रोहिणीतील अडथळा. रोहिणीच्या आतल्या भिंतीवर मेदाचे थर अनेक वर्षे, काही तक्रार न होता साचत जातात आणि मग एके दिवशी गुठळी अडकून रक्तपुरवठा बंद पडतो. असा झटका येऊनही रुग्ण वाचू शकतो, हे अमेरिकेतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्येच दाखवून दिले होते. पण १९३४ मध्ये उपचार म्हणजे मॉर्फिन आणि सक्तीची विश्रांती. रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिन देणे, हृदयरुग्णांसाठी खास विभाग असणे या गोष्टी अजून काही दशके दूर होत्या.

१९३९ मध्ये वॉर्लीचा वाडा पाडण्यात आला. खडकांची घळ झाडोऱ्यात बुडाली. आज तो परिसर निसर्गराखीव क्षेत्र आहे आणि वसंताच्या सुरुवातीला तिथे अजून स्नोड्रॉप, क्रोकस आणि डॅफोडिल फुलतात, ते पाहायला लोक येतात. पण खडकांमध्ये जपलेली उच्च पर्वतांवरची नाजूक रोपे तिथे उरली नाहीत. निगा थांबली की अशी बाग फार वर्षे टिकत नाही.

त्यांच्या नावाशी जोडलेली एक गंमत बागप्रेमींना पाठ आहे. एरिंजियम हे धने-जिऱ्याच्या कुळातले काटेरी, रुपेरी झाड. त्याचे बी विल्मॉटबाई खिशात ठेवत आणि दुसऱ्यांच्या बागेत गुपचूप टाकत, म्हणून त्या झाडाला ‘मिस विल्मॉटचे भूत’ म्हणतात, असे सांगितले जाते. गोष्ट गोड असली तरी तिला भक्कम पुरावा नाही. खरी गोष्ट त्याहून सरस आहे आणि ती ‘वॉर्ली रोझ’ या वीतभर झुडपाची आहे.

नावात रोझ असले तरी हा गुलाब नव्हे. हे मोहरीच्या कुळातले एथिओनेमा, वॉर्लीत निपजलेला एक संकर. गडद गुलाबी फुलांनी ते वसंतात झाकून जाते, पण बी धरत नाही. त्यामुळे त्याची वाढ फाटे कलमानेच करावी लागते. कलम म्हणजे नवे अपत्य नव्हे, जुन्याच शरीराचा तुकडा. आज जगभरच्या रॉक गार्डनमध्ये असलेले प्रत्येक ‘वॉर्ली रोझ’ हे त्या एकाच मूळ रोपाचा भाग आहे. ते विल्मॉटबाईंच्या बागेतच राहिले असते, तर बागेबरोबर संपले असते. कुणीतरी फांदी कापून दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला, आणि अशा हातांतून ते आजवर पोहोचले. तिन्ही बागांवर ओतलेली संपत्ती एका आयुष्यातच संपून गेली. पाकिटात घालून पाठवलेले बी आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवलेली फांदी मात्र अजून फुलते आहे.